बाहेरून कडी

दारू नाही, तंबाखू नाही, पत्त्यांचा नाद नाही. निवृत्त माणसाला असं एकही व्यसन नसलं, की तो घरच्यांच्या राशीला लागतो. मास्तरांचं तसंच झालं होतं. हे शाळेतले मास्तर नव्हेत, बसचे कंडक्टर. गाडीतले लोक कंडक्टरला मास्तर म्हणतात, तेच नाव गल्लीनेही उचललं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. निवृत्तीनंतर मास्तर स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून कुठलं भांडं कुठे असावं ते बायकोला सांगू लागले. तिच्या मैत्रिणी आल्या, तर त्यांना 'जरा आत सरकून बसा' म्हणू लागले. बायकोने काही दिवस सोसलं. मग एका सकाळी तिने त्यांच्या हातात पिशवी दिली आणि सांगितलं, की कोपऱ्यावरच्या वाचनालयात इतिहास मंडळाची बैठक आहे, त्यांना कामाला माणसं हवी आहेत, पगार नाही, चहा आहे, आणि येताना बटाटे आणा.

मास्तर बटाटे विसरले, पण मंडळात अडकले.

मंडळाचं काम साधं होतं. परक्यांचं राज्य या गावावर होतं तेव्हाच्या ज्या जागा अजून उभ्या होत्या, त्या सुट्टीच्या दिवशी लोकांना दाखवायच्या. जकातीची कचेरी, जुन्या तुरुंगाची भिंत, आणि गावाबाहेर, मालधक्क्याच्या पलीकडे, साथीचा दवाखाना. कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या मॅडम हे सगळं चालवायच्या. शरीराने काडी, पण बोलायला लागल्या की समोरचा माणूस घड्याळ बघायचं विसरायचा. मेलेल्या लोकांबद्दल त्या अशा बोलायच्या, की जणू ते परवाच त्यांच्याकडे चहाला येऊन गेलेत.

त्यांनी मास्तरांना शेवटचा माणूस केलं. त्या पुढे बोलत चालणार, मागे कोण रेंगाळलं ते त्यांना कळायचं नाही. म्हणून मास्तरांनी सगळ्यांच्या मागे राहायचं, खोली रिकामी झाली की एकदा बघून घ्यायचं आणि दार लावायचं. माशाच्या पिलाला पोहायला शिकवावं लागत नाही. गाडी डेपोत लावताना शेवटच्या बाकापर्यंत जाऊन कुणी झोपून राहिलंय का ते बघायचं, हेच तर त्यांनी जन्मभर केलं होतं.

साथीचा दवाखाना म्हणजे एक लांबलचक, बुटकी, जाड भिंतींची इमारत. खिडक्या पार वर, छताला टेकलेल्या, त्याही हातभर. पुढे व्हरांडा आणि सगळ्या इमारतीला मिळून एकच दार. दार बाहेर उघडायचं. जाड फळ्यांचं, वर लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या. मॅडम लोकांना आत घेऊन जायच्या आणि काही बोलायच्या आधी फक्त त्या दाराची आतली बाजू बघायला सांगायच्या. आतून कडी नव्हती. मूठ नव्हती. धरायला साधा खिळासुद्धा नव्हता. लोक बघायचे आणि हळूहळू त्यांचं बोलणं थांबायचं.

पहिल्या खेपेलाच दार लावताना मास्तरांना ते जड वाटलं. लोक व्हरांड्यात उतरले होते, आतली शेवटची नजर टाकून झाली होती, आत फक्त करडा उजेड आणि जुन्या फिनेलचा वास होता. त्यांनी दार लोटलं. ते निम्म्यापर्यंत सुरळीत आलं आणि मग थबकलं. अडकलं नाही, करकरलं नाही. एखादा माणूस आपल्या मागोमाग येत असावा, आपल्याला ते माहीत नसावं, आपण दार लोटावं आणि त्याने हात पुढे करून ते अलगद थोपवावं, तसं. मास्तरांनी पुन्हा आत बघितलं. कुणी नव्हतं. त्यांनी खांदा लावला, तेव्हा दार बसलं. कडी घालताना त्यांच्या मनात आलं, लाकूड फुगलंय. ओलीची जागा आहे.

दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेला त्यांनी खांदा लावायच्या आधी दारावर नुसता हात टेकवून ठेवला. पलीकडूनही तेवढाच भार होता. त्यांनी हात सैल केला, पलीकडचा भारही सैल झाला. फुगलेलं लाकूड असं वागत नाही. पण मास्तरांनी तो विचार तिथेच सोडला आणि सुताराला बोलावणं पाठवलं.

सुतार हासुद्धा मंडळातलाच. रंध्यापेक्षा तोंड जास्त चालवणारा. त्याने दार उतरवलं, कडा तासल्या, बिजागऱ्यांना तेल दिलं आणि दार परत चढवून एका बोटाने फिरवून दाखवलं. आता फुंकर मारली तरी लागेल, म्हणाला. मग कडी घातल्यावर दार पक्कं बसतं का ते बघायला तो स्वतः आत गेला आणि मास्तरांना दार लावायला सांगितलं. मास्तरांनी लावलं. आतून त्याच्या हातांची धडपड ऐकू आली, कडी किंचित खुळखुळली. दार किती हलतंय ते तो बघत असणार.

मग आवाज थांबला.

"मास्तर..."

"बोल की."

"उघडा."

त्या आवाजात चेष्टा नव्हती. मास्तरांनी कडी काढली. सुतार बाहेर आला, एक शब्द न बोलता हत्यारं गोळा करायला लागला, करवत पिशवीत उलटी घातली. व्हरांड्याच्या पायरीवर बसून तो पाणी प्यायला.

"मी दार लोटत होतो," तो खालच्या आवाजात म्हणाला. "दोन्ही तळवे लावून. हे असे... आणि माझ्या तळव्यांच्या शेजारी आणखी तळवे होते. या बाजूला पण. त्या बाजूला पण."

मास्तरांनी दाराकडे बघितलं.

"जोर करत नव्हते हो. नुसते टेकवलेले. कुणी उघडतंय का बघत असल्यासारखे..."

त्यानंतर सुतार दवाखान्याकडे फिरकला नाही, पण त्याचं तोंड काही त्याच्या ताब्यात नव्हतं. आठवड्याभरात गावभर झालं. मंडळाच्या पुढच्या बैठकीत पत्रकं छापण्याचं काम बघणारा विमा एजंट मोठ्या उत्साहात आला. त्याचं म्हणणं, देवाने संधी दिली आहे. नगरपालिका ती इमारत भंगार गाड्या ठेवायला घ्यायच्या विचारात आहे, तिकडे लोक येतात असं दाखवलं तरच ती वाचेल, आणि लोकांना इतिहास नको असतो, भूत हवं असतं. तेव्हा पत्रकावर तसं छापू. दिवे घालवू, पडद्यामागून कण्हण्याचा आवाज सोडू.

मॅडमनी त्याला पूर्ण बोलू दिलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"जिवंत होते तेव्हा त्यांना माणूस म्हटलं नाही, रोग म्हटलं," त्या म्हणाल्या. "आता मेल्यावर भूत म्हणायचं? माणूस कधी म्हणायचं मग?"

विमा एजंट ओशाळला. पत्रक आधीसारखंच छापायचं ठरलं.

बैठक संपल्यावर मास्तर वाचनालयाच्या पायऱ्यांवर मॅडमसाठी थांबले. दाराचा विषय त्यांनी काढला नाही. त्यांनी इतकंच विचारलं, की त्या लोकांचं शेवटी झालं काय? लोकांना सांगताना मॅडम नेहमी 'साथ ओसरली' इथे थांबायच्या. त्यापुढचं कधी सांगायच्या नाहीत.

मॅडम पायरीवर बसल्या. मग हळूहळू सांगू लागल्या. साथ आली तेव्हा गोऱ्या साहेबाचे शिपाई गल्ल्यागल्ल्यांत शिरले. मास्तरांच्या गल्लीतसुद्धा. आजारी माणूस तर नेलाच, पण त्याच्याबरोबर एका छपराखाली झोपणारे धडधाकट लोकही नेले. घरातलं सामान रस्त्यावर ओतून पेटवलं, काही घरंही पेटवली. दवाखान्यात आणल्यावर हुकूम वाचून दाखवला, की परवानगीवाचून उंबऱ्याबाहेर जो पाऊल टाकेल त्याला गोळी. पहिल्याच दिवशी एका तरण्या पोराने टाकलं. त्याला सगळ्यांसमोर तिथेच पाडला. त्यानंतर दार उघडं असलं तरी कुणी उंबऱ्यापाशी यायचं नाही. पुढे रोग पहारेकऱ्यांना झाला, डॉक्टरच्या घरात शिरला, आणि एका सकाळी ते सगळे निघून गेले. जाताना कडी घालून गेले.

"पुढचं कुणी लिहून ठेवलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "लिहिणारेच आधी पळाले."

पुढचं त्यांना मास्तरांच्या समोरच्या घरातल्या आजींनी सांगितलं होतं, आणि आजींनी ते आपल्या आजीकडून ऐकलं होतं. त्या दिवसांत मालधक्क्याकडून वारा आला, की त्याबरोबर थापांचा आवाज यायचा. ठोठावणं नव्हे. तळव्याने हळूच मारल्यासारख्या थापा, खूप जणांच्या. गल्ली ऐकायची आणि खिडक्या लावून घ्यायची. भीती रोगाची, भीती गोळीची. कुणाला नावं ठेवायची? मग एके दिवशी वारा नुसताच आला.

मास्तर घरी गेले ते रस्ताभर आपला उजवा तळवा दुसऱ्या हाताने चोळत गेले.

नगरपालिकेचे साहेब स्वतः बघायला येणार असं ठरलं, तेव्हा व्हरांडा झाडून ठेवायचं काम मास्तरांनी मागून घेतलं. तो दिवस ढगाळ होता. दुपार होती, पण उजेडात काही दम नव्हता. मालधक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. मास्तरांनी व्हरांडा झाडला, पायऱ्या झाडल्या, जे झाडायची गरज नव्हती तेही झाडलं, आणि शेवटी झाडू भिंतीला टेकवून कडी काढली. दार सताड उघडलं. खाली दगड लावला.

आत काही हललं नाही. लांब, रिकामी खोली. पार टोकाला काळोख.

"कुणी राहिलंय का आत?" मास्तरांनी विचारलं. डेपोत रोज विचारायचे तशाच आवाजात.

आणि मग आतली हवा पुढे आली. खचाखच भरलेल्या गाडीने ब्रेक मारला की उभे असलेले सगळे एकदम पुढे झुकतात, तशी. मास्तरांना ते झुकणं अंगावर जाणवलं. ते दारापर्यंत आलं आणि उंबऱ्यापाशी थांबलं. एक बोटसुद्धा पुढे आलं नाही. फिनेलचा, ओल्या ब्लँकेटचा, बरेच दिवस न उघडलेल्या तोंडांचा वास चौकटीपर्यंत येऊन उभा राहिला. चौकटीच्या अलीकडे नुसता गवताचा वास होता.

मास्तरांना पळायचं होतं. पण हात पुढे गेला. उंबऱ्यापलीकडे मनगटापर्यंत गार झाला, विहिरीच्या पाण्यात घातल्यासारखा. त्यांनी बोटं पसरली...

एक तळवा त्यांच्या तळव्याला लागला. त्याने धरलं नाही, ओढलं नाही. फक्त टेकला.

मग काय झालं ते मास्तरांना नीट आठवत नव्हतं. दगड पायाने उडवला, दार ओढलं, पलीकडून सगळ्या दारभर हात आले आणि ते सगळे हात रेटून त्यांनी कडी घातली. फाटकापर्यंत जाईतो मागून आवाज येत होता. थप... थप थप... थप... रागाचा नव्हता तो आवाज. राग असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

घरी बायको वाटाणे सोलत बसली होती. त्यांचं तोंड बघून तिने पाण्याचा पेला भरून पुढे केला. मास्तरांनी सगळं सांगितलं. पहिल्या दिवसाचं दार, सुताराचे तळवे, आजींच्या आजीने ऐकलेला वारा, आणि आज आपण काय केलं तेसुद्धा. ती हसली नाही, देवाचं नाव घेतलं नाही, जाऊ नका असंही म्हणाली नाही. तिने एक शेंग सोलून संपवली.

"दार उघडलंत ते चांगलं केलंत," ती म्हणाली. "पण 'या' म्हणालात का?"

"म्हणजे?"

"अहो, दार नुसतं उघडं दिसलं म्हणून कुणी येतं का? आणि ज्यांना उंबरा ओलांडला तर मारतील म्हणून सांगितलंय, ते? त्यांना कुणीतरी 'या' म्हणायला नको?"

तिने दुसरी शेंग उचलली.

साहेब आले त्या दिवशी कधी नव्हे इतकी गर्दी होती. भुताची आवई विमा एजंटाच्या पत्रकाशिवायच सगळीकडे पोचली होती. गल्ल्यांतली म्हातारी माणसं आली, कडेवर लेकरं घेऊन बायका आल्या. सुतारही आला होता, पण फाटकाला टेकून लांब उभा राहिला. साहेब तरुण, चटपटीत, डोक्यावर टोपी, हातात किल्ल्यांचा जुडगा. त्यांना पुढे आणखी कुठेतरी जायचं होतं आणि ते त्यांनी येताक्षणीच सांगून टाकलं होतं.

मॅडम त्या दिवशी 'साथ ओसरली' इथे थांबल्या नाहीत. त्यांनी उंबऱ्यावर पडलेला पोरगा सांगितला, पळालेले पहारेकरी सांगितले, वाऱ्यावरच्या थापा सांगितल्या. आवाज एकदाही चढवला नाही. लोक खाली मान घालून ऐकत होते. मग सगळे हळूहळू बाहेर आले, व्हरांड्यात आणि पायऱ्यांवर दाटीने उभे राहिले. मास्तर शेवटी. त्यांनी सवयीने आत नजर टाकली, बाहेर आले आणि दारावर हात ठेवला.

पलीकडून हात आले.

"लावा मास्तर, उशीर होतोय," साहेब म्हणाले.

एक क्षण मास्तरांच्या मनात आलं, खांदा लावावा, कडी घालावी, घरी जाऊन बटाट्याची पिशवी उचलावी आणि पुन्हा या वाटेला येऊ नये. त्यांनी दारावरचा हात काढला.

"लावत नाही, साहेब."

त्यांनी दार पुरतं मागे भिंतीला नेऊन टेकवलं. मग लोकांकडे वळले, आणि जन्मभर रोज घासलेला तो आवाज आपोआप बाहेर आला.

"बाजूला व्हा. वाट द्या. आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या."

या वाक्यापुढे कुणी वाद घालत नाही. लोकांचे पाय त्यांच्या आधीच हलले. व्हरांड्यापासून फाटकापर्यंत गर्दी दुभंगली आणि मधे वाट झाली. काही जण हसत होते. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग असणार. साहेबांनी मॅडमकडे पाहिलं. त्या येऊन मास्तरांच्या शेजारी, दाराच्या दुसऱ्या बाजूला उभ्या राहिल्या.

मास्तर काळोखाकडे वळले. आत पुन्हा ते झुकणं आलं, उंबऱ्याशी येऊन थांबलं.

"या," मास्तर म्हणाले.

काही झालं नाही.

"या बाहेर... कुणी काही करणार नाही. आम्ही इथेच आहोत. या."

बराच वेळ गेला. हसणारे हसायचे थांबले. मग फिनेलचा वास उंबऱ्याच्या अलीकडे आला.

पहिलं कोण होतं देव जाणे. पायरीवर उभ्या असलेल्या बाईच्या गळ्यातल्या रुमालाचं टोक उचललं गेलं आणि परत पडलं. वारा नव्हता. वाटेतलं गवत दबलं, उठलं, पुढचं दबलं, उठलं. अगदी सावकाश, चालायची सवय गेलेल्या पायांसारखं. मागोमाग आणखी. दोन्ही बाजूंचे लोक न सांगता आणखी मागे सरकले. आयांनी लेकरांना जवळ ओढलं, पण गेलं कुणीच नाही. साहेबांच्या हातातला जुडगा एकदम खुळखुळला, कुणीतरी खेटून गेल्यासारखा. साहेब भिंतीला चिकटले. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि दोन्ही हातांनी छातीशी धरून उभे राहिले. आवाज कसलाच नव्हता. फक्त गवत दबल्याचा, आणि श्वासांचा, आणि ते सगळे श्वास उभे राहिलेल्यांचेच होते असं कुणी छातीठोकपणे सांगितलं नसतं.

ते किती वेळ चाललं यावर नंतर गावात एकमत झालं नाही. शेवटी गवत स्थिर झालं. मास्तर तरी थांबून राहिले. शेवटचा प्रवासी नेहमी उशिरा उठतो. त्यांनी उंबऱ्याशी आपला हात आडवा धरला, म्हाताऱ्या माणसाला उतरताना देतात तसा. आणि त्या हातावर भार आला. हलका, थरथरता. एक पायरी. थांबला. दुसरी पायरी. थांबला. मग हात रिकामा झाला आणि त्यांच्या डोळ्यांतून खळकन पाणी आलं.

त्यांनी दाराला एक बोट लावलं. ते जाऊन चौकटीला टेकलं.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. साहेब भिंतीपासून सुटून मास्तरांपाशी आले. जुडग्यातून फाटकाच्या कुलपाची किल्ली काढायला त्यांना फार वेळ लागला. ती त्यांनी मास्तरांच्या हातावर ठेवली, म्हणाले, ही आता तुमच्याकडेच असू द्या, भंगाराला दुसरी जागा बघता येईल. मग दाराकडे बघून म्हणाले, "ती कडी मात्र काढून टाका."

सुतार फाटकापासून पुढे आला. खिशातून पेचकस काढला आणि कडी उतरवायला बसला.

दिवेलागणीला मास्तर गल्लीत शिरले, तेव्हा बऱ्याच वर्षांचं ओझं उतरल्यासारखे हलके चालत होते. बायकोला सगळं सांगायचं होतं. तिचंच वाक्य कामाला आलं, हेही सांगायचं होतं. तेवढं मोठं मन आज त्यांच्याकडे होतं. ते जेवायला बसले. गोष्ट किल्लीपर्यंत आली, तेवढ्यात दारावर थाप पडली. हळूच, तळव्याने मारल्यासारखी. बायको दाराच्या जवळ होती. तिने उठता उठता, कोण आहे ते न बघताच "या" म्हणून टाकलं आणि दार उघडलं.

मास्तरही उठून दारात आले. बाहेर कुणी नव्हतं. पण समोरच्या घराचंही दार उघडलं होतं. त्याच्या शेजारचंही. खालच्या अंगाला, वरच्या अंगाला, पार वळणापर्यंत गल्लीतली कितीतरी दारं उघडली होती, आणि प्रत्येक दारात कुणीतरी उभं राहून रिकाम्या रस्त्याकडे बघत होतं. कुणाला काही विचारायची गरज पडली नाही. त्यातले निम्मे दुपारी दवाखान्यापाशी होते. उजेडाच्या पट्ट्यांनी सगळी गल्ली भरून गेली होती. मास्तरांना ती इतकी सुंदर कधी दिसली नव्हती.

समोरच्या आजी आपल्या दारात उभ्या होत्या. त्यांनी अंगावरची शाल सावरली, एक पाऊल मागे घेतलं आणि उंबऱ्यावरून बाजूला झाल्या. आत येणाऱ्याला वाट देतात तशा. थोडं थांबल्या. मग कुणाच्या तरी मागोमाग नजर आत वळवली आणि दार लोटून घेतलं. एकेक करून बाकीचीही दारं लागली.

मास्तरांचा ऊर भरून आला. पोचले सगळे, असं त्यांच्या मनात आलं. आपापल्या घरी पोचले.

आणि मग त्यांचा विचार तिथेच अडला. मास्तर या गावचे नव्हते. नोकरीत बदली झाली म्हणून ते इथे आले. त्यांच्या आईवडिलांकडचं, बायकोच्या माहेरचं, कुणीच कधी त्या दवाखान्यात गेलेलं नव्हतं. साथीत जळालेल्या कुणाच्या तरी घराच्या जागी पुढे हे घर बांधलं गेलं होतं, इतकंच त्यांना घेताना कळलं होतं. ते आधी कुणाचं होतं, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

ते एकटेच उघड्या दारात उभे होते. मागे, आतल्या खोलीत, खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग बायकोचा, नेहमीसारखा, पाहुण्यांसमोर असतो तसा जरा मऊ आवाज.

"अहो, दार लावा आता. गार लागतंय त्यांना."